चौथी रांग

उंदराच्या कानात ऐकणाऱ्या पेशी आत एक रांग आणि बाहेर तीन, अशा शिस्तीत उभ्या असतात. इल्वाला बाहेर चौथी दिसत होती, आणि स्वीडनमधल्या उप्सालाच्या त्या प्रयोगशाळेत तिच्याशिवाय ती कुणालाच पटत नव्हती.

तिचं म्हणणं साधं होतं. गर्भात जी कोवळी पेशी आधी ऐकणारी होते, ती शेजारणीला दटावते: मी झाले, तू नुसता आधार दे. इल्वानं काही उंदरांत ही दटावणी दुबळी केली होती. त्यांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांत शेजारणीही बिनदिक्कत ऐकणाऱ्या होऊन बसल्या होत्या.

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," टोर्केल म्हणाला. हा तिचा मार्गदर्शक. माणूस प्रेमळ, पण जिभेला हाड नाही. "शुक्रवारपर्यंत सिद्ध कर, नाहीतर प्रबंधातलं शेवटचं प्रकरण काढून टाक."

दोन वर्षांचं काम होतं ते!

मग गुनवोरनं, तीस वर्षं उंदरांचे कान उकलून काचपट्ट्यांवर मांडण्यात घालवलेल्या तंत्रज्ञ बाईनं, पट्ट्यांवरची नावं झाकून नुसते आकडे चिकटवले. कुठली पट्टी साध्या पिल्लाची, कुठली बदललेल्याची, हे फक्त तिलाच ठाऊक. मंगळवार ते गुरुवार, रोज चार पट्ट्या इल्वानं डोळ्यांत तेल घालून मोजल्या.

शुक्रवारी तीनच्या कॉफीला वेलदोड्याचे बन मधे ठेवून गुनवोरनं टोर्केल आणि बाकी सगळ्यांसमोर यादी उघडली. चौथी रांग सापडलेल्या सहाही पट्ट्या बदललेल्या पिल्लांच्या निघाल्या. साध्यांत एकही नाही. इल्वानं आनंदानं किंकाळीच फोडली.

"थांब गं," गुनवोर म्हणाली. "पट्ट्या बारा नव्हत्याच, अकरा होत्या. तुझी मोजणी पारखायला मंगळवारची तीन नंबरची मी गुरुवारी अकरा म्हणून परत दिली."

"फसवलंस मला!"

"मग काय विचारून फसवू? तीनवर जास्तीच्या पेशी किती?"

इल्वानं वही उलटली. "त्रेसष्ट."

"आणि अकरावर?"

"चौसष्ट."

"ही एक कुठून उगवली?" टोर्केलनं विचारलं.

"कडेला अर्धी दडली होती. मंगळवारी सोडली, गुरुवारी दया आली."

सगळे हसले. टोर्केल तेवढा हसला नाही. त्यानं वही ओढून दोन्ही आकडे पुन्हा वाचले आणि वही तिच्यापुढे सरकवली.

"प्रकरण ठेव," तो म्हणाला. "आणि त्या चौसष्टावीचं काय झालं, तेही लिही."