माझ्या खाचेतली अक्षत

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे आणि जन्माची थापाडी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे तुमचामाझा तंटा नको. माझी एक गोळी ग्वाल्हेरच्या किल्ल्याला वळसा घालून पडाव भागाकडे गेली, तिथे स्टेशनात शिरून तिने आगगाडीची वेळ विचारली आणि मग सावकाश जंगलात जाऊन सांबराला लागली, असं मी आजवर कितीकांना सांगितलं आहे. ऐकणारे मुकाट्याने मान डोलावतात. बंदुकीच्या तोंडी कोण लागणार?

पण आज जी गोष्ट सांगायची आहे ती मला फुगवून सांगता येत नाही. करून पाहिलं. दर वेळी ती होती तेवढीच राहते.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडे, अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळी निळसर नळी आणि चापाभोवती लोखंडाचं एक कडं. या कड्याला लिव्हर म्हणतात. तो खाली ओढून पुन्हा वर मिटला की रिकामं काडतूस माझ्या डोक्यातून टुणकन वर उडतं आणि नवं आत सरकतं. हा उडवण्याचा खेळ मला फार आवडे. आणि नजर म्हणाल तर ती अगदी साधी. मागे लोखंडी पट्टीत एक खाच, पुढे नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा पितळेचा मणी. खाचेच्या तळाशी मणी बसवायचा, मण्यावर जनावर बसवायचं आणि चाप ओढायचा. यात बिघडण्यासारखं काही नाही, असं मी समजत होते.

मला ग्वाल्हेरला आणलं ते माझे आताचे मालक कान्होजीराव यांच्या आजोबांनी. ते फौजेत होते. त्यांच्यामागून मी त्यांच्या मुलाकडे आले आणि मग कान्होजीरावांकडे. मधल्या काळात शिकारीवर बंदी आली. फार चांगलं झालं, असं आज म्हणते. तेव्हा मी महिनाभर रुसून बसले होते. पुढे घर बदललं. आता आम्ही सिटी सेंटर नावाच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मी लोखंडी कपाटात, गाद्यांच्या शेजारी उभी असते.

कपाटाबाहेर मी दोनच कारणांनी येई. एक म्हणजे दसरा. दुसरं म्हणजे निवडणूक. निवडणूक आली की आमच्याकडे सगळ्यांच्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. तिथे आमचं संमेलनच भरतं. गेल्या खेपेला माझ्या शेजारी एक नवी रायफल होती. तिच्या डोक्यावर लांबलचक काळी दुर्बीण.

"काय गं," मी तिला म्हटलं, "डोळे जन्मापासूनच अधू की कुणाची दृष्ट लागली?"

ती चिडली नाही. तिची दुर्बीणच बोलली. "आजी, तुमच्या त्या मण्यामागे जनावर दिसतं तरी कसं?"

"ठिपक्यासारखं दिसतं. पुरतं तेवढं."

"आणि लागल्यावर? कुणाला लागलं, कुठे लागलं, ते दिसतं का?"

"पडलं की दिसतं," मी म्हटलं, आणि आजूबाजूच्या सगळ्या बारा बोअरच्या बंदुका खो खो हसल्या. त्या विजयावर मी ठाण्यातले दिवस मजेत काढले. ते हसू मला पुढे महाग पडलं.

कान्होजीरावांची शिवपुरीच्या वाटेवर थोडी शेती आहे. तिथे हरभरा पेरला की नीलगाई येतात. त्यातला एक माजलेला नर कुंपण मोडून शिरे आणि खाई थोडं, तुडवी फार. तीन हंगाम पीक गेल्यावर त्या एका नराला मारण्याची रीतसर सरकारी परवानगी मिळाली. घरात मात्र त्यावरून जुंपली.

कान्होजीरावांची मुलगी हर्षिता बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जाते. ती म्हणाली, "आबा, दुर्बीण लावून घेऊ. तुम्हाला आजकाल जिन्यातली माणसं ओळखू येत नाहीत."

"ओळखू येतात. बोलायचं नसतं," कान्होजीराव म्हणाले. "दुर्बिणीतून मारणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पोथी वाचणं."

"पोथीची ओळ चुकली तर कोणी लंगडत नाही, आबा."

तरी ती त्यांना पडावावरच्या मिस्त्रीकडे घेऊन गेली. मिस्त्रीने माझा लिव्हर दोनदा ओढला आणि मान हलवली. "बिटिया, ऊपर नहीं बैठेगी. इसका खाली कारतूस सिर से उड़ता है, दूरबीन से टकराएगा. बगल में लगानी पड़ेगी. छेद करने होंगे."

"छेद?" कान्होजीरावांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "आजोबांच्या वस्तूला भोकं पाडू? चल घरी."

मित्रांनो, मी त्या वेळी इतकी खूश झाले की येताना रिक्षात खोळीच्या आत नाचत होते.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते. पाटावर आजोबांची तलवार, दोन कट्यारी आणि मधोमध मी. पूजा करतात सुलोचनाबाई, म्हणजे कान्होजीरावांच्या पत्नी. दर वर्षी त्या माझ्या दस्त्यावर हळदकुंकू वाहतात, वर अक्षता टाकतात. त्या दसऱ्याला मात्र त्यांचा हात दस्त्याजवळ थांबला. सकाळीच त्यांनी नवऱ्याला वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचताना पाहिलं होतं. त्यांनी बोटावर ओलं कुंकू घेतलं आणि थेट माझ्या खाचेत भरलं. वर हळद, वर अक्षता. "ह्यांच्या नजरेला बळ दे गं बाई," त्या माझ्याशी पुटपुटल्या.

देवाशी नव्हे, माझ्याशी. मी हुरळून गेले.

कुंकू वाळून घट्ट झालं आणि एक अक्षत खाचेत आडवी रुतून बसली. ती टोचत होती. पण मान मिळतोय तर टोचू दे, असं मी मनाशी म्हटलं. शिवाय आमच्या घरचा नियम असा की दसऱ्याला वाहिलेलं कुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही. शेतावर जायच्या आधी कान्होजीरावांनी माझ्या नळीला तेल दिलं, लिव्हर साफ केला, दस्ता चमकवला. खाचेवरून त्यांनी अंगठासुद्धा फिरवला नाही.

हरभऱ्याला घाटे धरले होते. पहाटेचं धुकं उठत होतं. नर बांधावर उभा होता, अगदी आडवा. कान्होजीरावांनी श्वास रोखून मणी खाचेत बसवला. म्हणजे त्यांना तसं वाटलं. मणी खाचेच्या तळाशी पोचलाच नाही, तो त्या अक्षतेवर बसला. मणी वर बसला की नळीचं तोंड वर जातं. मला ते कळलं. दाणा टोचत होता, कळणार नाही कसं? आणि त्यांनी चाप ओढला.

गोळी वरून गेली. नराच्या खांद्यावरचा उंचवटा फाडून गेली. तो पुढच्या पायांवर बसला, उठला, आणि एक पाय ओढत घळीत उतरला.

दिवसभर कान्होजीराव आणि हर्षिता त्या घळींमधून हिंडले. काट्यांना रक्त लागलेलं होतं, मग तेही संपलं. संध्याकाळी कान्होजीराव एका धोंड्यावर बसले. "आमच्या घराण्यात अर्धमेलं सोडत नाहीत," ते म्हणाले. त्यांनी ते दोनदा म्हटलं. हर्षिता त्यांच्या शेजारी बसून राहिली. दुर्बिणीचं नाव तिने काढलं नाही, हे मी तिच्या नावावर लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर मी कपाटात आणि ते खुर्चीत. वर्तमानपत्र त्यांनी बंद केलं. स्कूटरची किल्ली हर्षिताच्या हातात दिली. जेवताना भातात खडा आला तरी म्हणायचे, "मला काय दिसतंय." कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जायचे. एरवी त्यांच्या गप्पांना माझ्या थापांचीच चव असे. आता घरात कोणी किल्ल्याला वळसा घालत नव्हतं.

आणि मी? मला बोलता येत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्याशी आत्ता बोलतेच आहे ना? खरं सांगते, बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. दोष माझ्या खाचेत निघाला असता तर माझा मान गेला असता. दोष त्यांच्या डोळ्यांवर गेला होता, आणि मी तो जाऊ दिला.

पुढचा दसरा आला. सुलोचनाबाई ओल्या फडक्याने मला पुसायला बसल्या. खाचेवर फडकं अडलं. त्यांनी केसांतली पिन काढली आणि टोकाने खरवडलं. लाल कपच्या निघाल्या, आणि मग ती अक्षत टपकन पाटावर पडली.

त्यांनी ती बोटाने पाटावर उलटीपालटी केली. मग त्यांनी हर्षिताला हाक मारली. "हे इथे अडकलेलं असलं, तर काय होतं गं?"

हर्षिताने खाच पाहिली, दाणा पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला. "मणी वर बसतो, आई. नळी वर जाते. गोळी वरून निघून जाते."

"म्हणजे त्यांचा नेम..."

"आई, प्लीज, उनको मत बताना. आता कुठे ते दुर्बिणीचं नाव काढू देतात. हे कळलं की उद्या पुन्हा हीच खाच घेऊन निघतील, आणि पुन्हा एखादं जनावर तसंच जाईल."

सुलोचनाबाईंनी अक्षत उचलून पदराच्या टोकात धरली. "वर्षभर माझं पाप त्यांच्या डोळ्यांवर राहिलंय. आता तेच पाप तिथे ठेवून मी संध्याकाळी त्यांच्या हातात सोनं देऊ?"

त्या उठल्या. कान्होजीराव खिडकीशी बसले होते. त्यांनी नवऱ्याचा तळहात उघडला आणि अक्षत त्यावर ठेवली. "अहो, ही खाचेत होती. गेल्या दसऱ्याला मीच भरली. तुमचा नेम चुकला नव्हता."

मी पाटावर आडवी पडून ऐकत होते. आता ते उभे राहतील, मला उचलतील आणि म्हणतील, पाहिलंत, माझे डोळे शाबूत आहेत, अशी माझी खात्री होती. मला तेच हवं होतं.

कान्होजीरावांनी तळहात डोळ्यांजवळ नेला. मग लांब नेला. मग उजेडाकडे वळवला.

"आहे का हातात?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"मग झालं तर." ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले. "तुम्ही भरलीत, ही तुमची चूक. भरलेली मला दिसली नाही, ही माझी. ज्याला स्वतःच्या बंदुकीच्या खाचेतली अक्षत दिसत नाही, त्याने चाप ओढला, सुलोचनाबाई. तुमची चूक मायेची तरी होती. माझी नुसती ऐट."

मग त्यांनी मुलीला हाक मारली. "हर्षे, त्या मिस्त्रीला विचार, छेद किती खोल पडतात."

अशी माझ्या डाव्या कुशीला दुर्बीण आली. एकाच कानात डूल घातल्यासारखी मी दिसते. खाच आणि मणी आहेत, पण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. छेद पाडताना दुखलं. ओरडावंसं वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात नर परत आला. हर्षिताने आधी माझं पोट उघडून आत काडतूस नाही याची खात्री केली, मग मला वडिलांच्या हाती दिलं. कान्होजीराव दुर्बिणीला डोळा लावून बसले. दुर्बीण माझ्याच अंगावर होती, म्हणून मीही पाहिलं. आजवर माझ्या मण्यावर जनावर म्हणजे एक करडा ठिपका होता. आता त्याच्या पापण्या दिसल्या. नाकपुडीशी धुकं आत-बाहेर होताना दिसलं. खांद्यावर केस नसलेली एक गुलाबी रेघ दिसली. ती माझी होती. ठाण्यातल्या त्या दुर्बिणीने विचारलं होतं, कुणाला लागलं, कुठे लागलं, दिसतं का. हो बाई. दिसलं.

"भरून आलंय," कान्होजीराव म्हणाले. "लंगडतोय. पण भरून आलंय."

"परवानगी पुन्हा मिळेल, आबा," हर्षिता म्हणाली. "या वेळी नेम मी धरेन."

"त्याच्या वाट्याची गोळी त्याने घेतली आहे. हरभरा खाऊ दे त्याला." थोडं थांबून ते म्हणाले, "थोडं खा म्हणावं, तुडवू नको."

नर दोन्ही करतो. आमच्या घरी त्याला आता कोणी काही म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी असेल. शिवणयंत्र असेल, सायकल असेल, तराजू असेल. दसऱ्याला त्याला झेंडू वाहा, कुंकू लावा, आम्हाला ते फार आवडतं. पण दुसऱ्या दिवशी एक फडकं घ्या आणि पुसा. नमस्कार सगळे करतात, पुसायला कोणी बसत नाही, आणि आम्हाला जो गंज चढतो तो बहुतेक वेळा मानाखालीच चढतो. सुलोचनाबाई आता हळदकुंकू पुन्हा दस्त्यावर वाहतात. दुसऱ्या सकाळी चहाच्या आधी पुसूनही टाकतात. जुना नियम त्यांनी मोडला, आणि देवाने अजून तक्रार केलेली नाही.

थापा मी अजून मारते, खोटं कशाला बोलू? माझी ती गोळी अजूनही किल्ल्याला वळसा घालते आणि पडावावर आगगाडीची वेळ विचारते. फक्त पुढे ती जंगलात जात नाही. गाडीला उशीर आहे असं कळतं, आणि ती तिथेच बाकावर बसून राहते.