पुलावरून मी जास्त चांगला दिसतो

मी सज्जा बोलतोय. लाकडाचा, निळा, फुलांनी लगडलेला. तुम्ही मला पाहिलेलं असणार. दोन दिवसांची सुट्टी आहे, कुठे जाऊन यावं, असं घरात कुणी विचारलं की जी चित्रं पुढे येतात, त्यांतल्या एकात मी असतो. खाली उताराची दगडी गल्ली, तिच्या टोकाला नदी, नदीवर कमानीचा पूल आणि मधोमध भिंतीतून पुढे आलेला मी. चित्राखाली छापलेलं असतं, ‘छोटंसं, देखणं, एकदा तरी पाहावं असं गाव.’

इतकी वर्षं मला बोलायची गरज पडली नाही, कारण मी कुरकुरत होतो.

लाकडाचं असंच असतं. ते कुरकुरतंय तोवर त्याच्यात जीव आहे. ऊन लागलं की कर्र, गारठा पडला की कट्, पाय पडला की चूं. गेल्या वर्षापासून माझा आवाज हळूहळू बंद झाला. घरातल्यांना बरंच वाटलं. "किती गुणी झालाय बघ," असं घरच्या मालकीणबाई माझ्या कठड्यावर हात फिरवत म्हणाल्या. गप्प बसणाऱ्याला सगळेच गुणी म्हणतात. तो का गप्प बसलाय, हे विचारत नाहीत.

मला घडवलं ते एका नव्या नवरीसाठी. आजच्या मालकीणबाई तेव्हा लग्न होऊन या घरात आल्या होत्या, लांबच्या माळावरून, जिथे दाराबाहेर पाऊल टाकलं की आभाळच लागायचं. इथे गल्ली चिंचोळी. स्वयंपाकघरातून एक भिंत दिसायची, खोलीतून दुसरी. त्यांचा जीव घुसमटायचा. नवरा म्हणाला, "तुला नदी आणून देतो." नदी काही उचलून आणता येत नव्हती, म्हणून त्यानं सुताराला हाताशी घेतलं आणि बायकोलाच नदीच्या दिशेनं चार पावलं पुढे नेलं. ती चार पावलं म्हणजे मी.

सुतारानं माझ्या फळ्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला. कठड्याखाली बोटभर फट ठेवली, पाणी वाहून जायला. "ही फट तेवढी बुजवू नका," एवढंच तो म्हणाला आणि हात पुसून गेला.

मालकीणबाई माझ्यावर बसून केस वाळवायच्या. संध्याकाळी दोघं चहा प्यायची. तो गेला, तेव्हापासून त्या एकट्या बसायच्या, पण स्टुलं दोन ठेवायच्या. मी दोघांचं वजन ओळखत होतो. तरीही त्या बसल्या की माझी दुसरी बाजू जरा वाट बघायची.

मग गाव सुंदर झालं.

म्हणजे ते आधीही होतंच, पण कुणाला कळलं नव्हतं. कुणा पाहुण्यानं माझा फोटो काढला, तो कुठेतरी छापून आला आणि माणसं येऊ लागली. घरोघर उतरायच्या खोल्या झाल्या. गल्लीतल्या सगळ्या सज्ज्यांना फुलांच्या पेट्या लागल्या. गावच्या मंडळींनी ठरवलं, हंगामाच्या तोंडावर सगळं लाकूड निळं करायचं. माझी पेटी कठड्याच्या बुडाशी ठोकली, बरोबर त्या फटीवर. रोज सकाळी फुलांना पाणी घालायचं, खाली थेंब गळेपर्यंत, कारण गळते थेंब पाहुण्यांना फार आवडतात. उरलेलं पाणी उतारानं पेटीपर्यंत जायचं, वाट मिळाली नाही की मागे फिरायचं आणि भिंतीत शिरलेल्या माझ्या तुळयांपाशी मुक्काम करायचं. वरून रंग. त्यावर पुढच्या वर्षीचा रंग. आतली ओल आत राहिली आणि बाहेरून मी दरवर्षी तरुण होत गेलो.

पाहुण्यांची एक गंमत सांगतो. ते नदी बघायला येतात, माझ्यावर येऊन उभे राहतात आणि नदीकडे पाठ करतात. "अजून थोडं मागे सरका," असं फोटो काढणारा म्हणतो. ते सरकतात. कठड्याला टेकतात. जगात सगळं पक्कं बसवलेलं असतं, असा सुट्टीवरच्या माणसाचा समज असतो.

मागच्या थंडीत घरात सून आली. मुलगी अबोल. सासूबाईंसमोर नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची आणि माझ्यावर आली की ‘अरे’. तिचे वडील होड्या दुरुस्त करायचे, तिकडे कुठेतरी नदी रुंद होते तिथे. पहिल्याच आठवड्यात पाणी घालताना ती थांबली. पाणी कुठे जातंय ते बघत बसली. मग केसांतली पिन काढली, गुडघ्यावर बसली आणि भिंतीजवळ माझ्या तुळईला टोचली. होडीचं लाकूड असंच बघतात म्हणे. पिन आत गेली. सगळी गेली. तिनं ती हळूच ओढून काढली, टोकाला लागलेला काळा लगदा बोटानं पुसला आणि माझ्यावर वजन पडणार नाही अशा बेतानं, चवड्यांवर, आत गेली. तेव्हापासून ती उंबऱ्यात उभी राहूनच पाणी घालायची.

नवरा चादरींच्या घड्या करत होता. ती म्हणाली, "अरे, सज्ज्यात पिन आत जाते."

"कुठली पिन?"

"माझी. केसांतली."

"मग केसांतच ठेव ना."

"मी खरं सांगतेय. सुताराला बोलाव."

"सुतार हंगामात सापडतोय का? गावभर फुलांच्या पेट्या करत फिरतोय तो. आणि आईला तूच सांग, मला जेवायचंय अजून या घरात."

तिनं सांगितलं. सासूबाई कांदे चिरत होत्या.

"आई, सज्ज्याचं लाकूड आतून मऊ झालंय."

"जुनं झालं की मऊ व्हायचंच. माणसंही होतात म्हातारपणी." सासूबाईंच्या बाबतीत हे अजून व्हायचं होतं.

"तसं नाही. धोक्याचं वाटतंय. पाहुणे उभे राहतात त्याच्यावर."

सुरी थांबली. "तू आलीस मागच्या थंडीत. तो ह्यांनी बांधलाय. स्वतःच्या हातानं. कधी खिळा हलला नाही त्याचा."

"बाबांनी चांगलाच बांधलाय, आई. पाणी मुरलंय."

"चल," म्हणाल्या आणि हात पुसत उठल्या. तरातरा माझ्यावर आल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि टाच आपटली. एकदा. दुसऱ्यांदा. "हं? पडला?"

त्या क्षणी माझ्या आत जे काही धड उरलं होतं, ते सगळं मी आवळून धरलं. त्यांना कसा पाडणार होतो मी? मी त्यांच्याचसाठी जन्माला आलो होतो. मी हललोसुद्धा नाही, साधं चूं केलं नाही. आणि तेच नडलं. सासूबाई विजयी चेहऱ्यानं आत गेल्या आणि सून उंबऱ्यात पांढरीफटक उभी राहिली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं खोटी साक्ष देणाऱ्याकडे पाहतात.

शनिवारी हंगामातला पहिला मोठा गट यायचा होता. सहली नेणाऱ्या बाईंचा फोन आला. घरात सगळ्यांना ऐकू गेला, कारण त्या बाई फोनवरही बसमधल्यासारख्याच बोलतात. "जेवण झालं की सगळ्यांचा सज्ज्यात एक फोटो. अख्खा गट. दाटीवाटीनं उभे करते मी, नेहमीसारखे."

"येऊ द्या की," सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सुनेनं माळ्यावरून निळ्या रंगाचा डबा खाली काढला. शनिवारी सकाळी, बस घाट चढत असताना, तिनं दाराच्या उंबऱ्यात बसून लांब दांड्याच्या ब्रशनं माझ्या सगळ्या फळ्या रंगवल्या. जाड, भरपूर, ओल्याचिंब.

"हे काय?" सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"रंग राहिला होता ना द्यायचा, आई. समोरच्यांचा झाला. आपलाच जुना दिसत होता."

"आज?"

"काल माझं डोकं दुखत होतं."

सासूबाईंना राग काढायला जागाच सापडेना. सज्जा रंगवणं हे तर घराच्या अब्रूचं काम. त्या नुसत्याच म्हणाल्या, "अक्कल," आणि कुणाची ते सांगितलं नाही.

गट आला. जेवला. दारापर्यंत आला आणि ओला रंग बघून थबकला. काय गंमत आहे पाहा, खाली गल्लीपर्यंत सरळ पोकळी आहे म्हटलं असतं तर ते हसून पुढे सरकले असते. बुटाला रंग लागेल म्हटल्यावर एकानंही पाय टाकला नाही. सून उष्टी भांडी घेऊन तिथून गेली, तेव्हा तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

माझाही जीव जरा भांड्यात पडला. एवढ्यात सहलीच्या बाई गल्लीतून ओरडल्या, "मालकीणबाई, मग तुम्ही तरी उभ्या राहा वर. आम्ही सगळे खालून घेतो. घरची मालकीण सज्ज्यात, छान दिसेल."

गट खाली गेला. माझ्या बरोबर खाली एक बाक आहे, त्याच्याभोवती सगळे गोळा झाले. माना वर, फोन वर. सासूबाईंनी केसांवरून हात फिरवला. चपला काढल्या.

"आई, रंग ओला आहे," सून म्हणाली.

"माझ्या घरचा रंग आहे. धुतला की जातो."

"आई, नको."

"अगं, वाट सोड."

सुनेनं वाट सोडली नाही. त्या घरात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, आणि तोही फार नाही. "नाही म्हणतेय ना मी." तिनं दोन्ही हातांनी सासूबाईंचा दंड धरला.

खालून सगळे बघत होते. सासूबाईंना ते सहन होण्यासारखं नव्हतं. दंड सुनेच्या हातात तसाच ठेवून त्यांनी उजवा पाय माझ्यावर टाकला आणि सगळा भार त्याच्यावर दिला.

मी धरायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण धरायला आत काही उरलंच नव्हतं. आवाजसुद्धा झाला नाही, ओल्या पावात बोट जावं तशी फळी खचली आणि त्यांचा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. तळव्याखाली त्यांना वारा लागला असेल. मला नदीचा गारवा पोटातून वर आल्यासारखा वाटला.

सुनेनं मागे ओढलं. दोघी खोलीत, एकमेकींवर पडल्या. खाली टाळ्या वाजल्या. खालच्यांना वाटलं, मालकीणबाई लाजून आत पळाल्या.

सासूबाई बराच वेळ जमिनीवर बसून राहिल्या. पायाला निळा रंग, त्यात लाकडाचा काळा भुसा. सुनेनं ओल्या फडक्यानं पाय पुसायला घेतला. "पिन आत जाते म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"ह्यांनी चांगला बांधला होता गं."

"चांगलाच बांधला होता, आई. म्हणून तर इतकी वर्षं राहिला."

त्याच दिवशी सज्ज्याच्या दाराला आतून आडवी फळी ठोकली गेली. सासूबाईंनी स्वतः खिळे मारले. दोन्ही स्टुलं आत नेली. संध्याकाळचा चहा त्या आता त्या बंद दाराशी बसून पितात.

तुम्ही म्हणाल, मग झालं की, जीव वाचला. थोडं थांबा.

मला उतरवायचं ठरलं आहे, पण हंगाम संपल्यावर. सुतार तेव्हाच मोकळा होईल. शिवाय गावच्या मंडळींनी येऊन सांगितलं, छापील चित्रात सज्जा आहे, तो पाहायला लोक येतात, आत्ता उतरवून कसं चालेल, आणि पाहुण्यांना घाबरवूनही कसं चालेल? माझी पेटी भरलेलीच आहे. आता तिला पाणी गल्लीतून, लांब नळीनं घालतात. बाकीच्या सज्ज्यांना कुणी पिन टोचून बघितली नाही. समोरचा आणि मी जुने मित्र, रोज कुरकुरून एकमेकांची खबर घ्यायचो. तोही हल्ली गप्प आहे.

माझ्यावर आता कोणी येत नाही. पण खाली येतात. पूर्वीपेक्षा जास्त येतात, कारण रिकामा सज्जा फोटोत अधिक छान दिसतो म्हणे. बाकावर बसतात, पाय पसरतात, वर बघून म्हणतात, "इथेच राहावंसं वाटतं ना?"

सून रोज पहाटे खाली जाते आणि तो बाक रंगवते. वर पाटी लावते, ‘ओला रंग’. जे थांबतात त्यांना सांगते, "इथून काय दिसणार? पुलावर जा. पुलावरून तो जास्त चांगला दिसतो." काही जातात. काही म्हणतात, आम्ही उभेच राहतो, काय होतंय? समोरची बाई नवऱ्याला म्हणते, त्यांच्या सुनेला रंगाचं वेड लागलंय.

मी रोज थोडा पुढे झुकतोय. भिंत आणि माझ्यामध्ये आता उजेडाची एक रेघ दिसते. माझ्या हातात असतं, तर एखाद्या पहाटे, गल्ली रिकामी असताना, कुणाला न सांगता निघून गेलो असतो. पण वेळ लाकूड ठरवत नाही. कधी एक पाखरू कठड्यावर बसतं आणि मी श्वास रोखतो.

म्हणून हे बोललो. सुट्टी मिळाली की या. गाव खरंच सुंदर आहे, नदीही आहे, तिच्याकडे तोंड करून जरा उभे राहा. फक्त मला लांबून बघा. ती अबोल मुलगी पुलाकडे बोट दाखवेल, तेव्हा कारण विचारू नका, चालायला लागा. हंगाम अजून बराच बाकी आहे, आणि आज पहाटे तिचा ब्रश डब्याचा तळ खरवडताना मी ऐकला.