टाकीत सोडलेलं फिनेल

गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीची सगळी उस्तवार थोरलीकडे होती. शेण कालवायचं, खरकटं निवडून आत सोडायचं, हे नवरा गेल्यापासून ती एकटीच करत आली होती. त्या गॅसवर दोन घरं शिजत: तिचं आणि भिंतीपलीकडच्या दिराचं.

गेले काही दिवस गॅस मरत चालला होता. त्या सकाळी पलीकडे भांडी आदळली आणि पाठोपाठ धाकट्या जावेची किंकाळी आली. थोरली शेणाच्या हातांनीच धावली. दिराने बायकोचं डोकं ओट्यावर आपटलं होतं. फुटलेल्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं.

“साधा चहा वेळेवर होत नाही हिच्याच्यानं!”

“गॅस तू घालवलास,” थोरली म्हणाली. “गोठा फिनेलनं धुतलास नि ते पाणी टाकीत सोडलंस. मला काय वास येत नाही? आतले जंतू मेल्यावर गॅस कुठून यायचा?”

“मग ती टाकीच नको!”

पहार घेऊन तो मागच्या दाराने सुटला. पहिल्याच घावाला पाइप तुटला. थोरली आडवी गेली, तर दुसरा घाव तिच्या खांद्यावर बसला. हाड कटकन वाजलं, ती कोसळली. त्याने पुन्हा पहार उचलली.

तेवढ्यात धाकटीने शेण ढवळायचं दांडकं दोन्ही हातांनी फिरवलं. घाव कानशिलावर बसला. तो तोंडावर पडला तो थेट टाकीतून बाहेर पडणाऱ्या मळीच्या खड्ड्यात. पातळ शेणावर बुडबुडे यायला लागले.

धाकटी जागची हलेना. “राहू दे, ताई. मरू दे.”

“अगं, याच्यापायी तुरुंगात सडणार आहेस का? धर!”

धाकटीने दात आवळले, दांडकं टाकलं आणि त्याची कॉलर धरली. थोरलीने धडक्या हाताने जोर लावला. बाहेर येताच तो भडभडा ओकला आणि श्वास परतताच बायकोच्या पायाला झोंबला. थोरलीने त्याची बोटं टाचेखाली रगडली.

“पुन्हा हात लावलास, तर मी हिला अडवायची नाही.”

एका कानाने कायमचा बहिरा होऊन तो बहिणीकडे राहायला गेला. धाकटी थोरलीकडे आली. तुटलेला पाइप बदलून घेतला, टाकी उपसून दोघींनी ताजं शेण भरलं. ज्योत पेटेपर्यंत लाकडांवर रांधलं. थोरलीचा हात वर जाईना, म्हणून तिची वेणी धाकटीच घालून द्यायची, तीही करकचून, आणि थोरली रोज ओरडायची.