तिसरी हाक

मी एक भुताचा गेम बोलतोय. घाबरू नका. लोक मला घाबरण्याआधीच वैतागतात, त्यामुळे भुताचा म्हणून माझा फारसा दबदबा राहिलेला नाही.

माझा जन्म जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्यात झाला. मला घडवलं नेत्रानं. बेळगावात कॉम्प्युटर शिकून ती तिथंच नोकरीला लागली होती, पण आई आजारी पडली तशी घरी परतली. आईच्या उशाशी बसून, जुन्या लॅपटॉपवर तिनं मला रचलं. माझ्यातलं जंगल उसनं नाही बरं. बांबूच्या बेटाची करकर, धनेशाच्या पंखांचा सूं सूं आवाज, दगडांतून जाणारं पाणी, सगळं तिनं फोन हातात धरून रानात हिंडत गोळा केलं.

आणि माझ्यातल्या भुताची हाक? ती तिच्या आईची, पुतळीची.

"आये, बाबांना शेतातनं बोलावतेस तशी तीनदा हाक मार," नेत्रा म्हणाली.

"म्हंजे माजी हाक आन् भुताची हाक एकच व्हय?" असं म्हणत पुतळी अंथरुणात उठून बसली. "अवो, या की घराकडं." दोनदा तिनं नीट हाक मारली. तिसऱ्या वेळी मात्र शेवटी तिला हसू फुटलं. नेत्रानं ते हसू कापलं नाही, तसंच राहू दिलं.

सहा महिन्यांनी पुतळी गेली. तिचा नवरा नागू रानात मजुरी करणारा, आधीच अबोल. त्यानं घरात तिचं नावही काढू दिलं नाही. तिचे फोनमधले फोटो त्याला नकोत, व्हिडिओ नकोत. माझ्यात कोणाचा आवाज आहे, हे त्याला सांगायचं नेत्राला धाडसच झालं नाही.

घरी नेटवर्कची बोंब. जीपनं जोयड्याला जाऊन तिनं मला जगात सोडलं. चार दिवसांत लोकांनी लिहिलं, वातावरण झकास, खेळणं म्हणजे डोक्याला ताप. खोटं कसं म्हणू? माझ्यात हातातली बॅटरी मधेच विझते, पाय जड चालतात, आणि खेळणारा चुकला की पार पहिल्यापासून सुरुवात.

पण खरा घोळ निराळाच होता. रानातल्या दगडांच्या राशीवर हिरवी डहाळी ठेवल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि मागून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारतं ते आपलं माणूस. कुंभारवाड्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून नेत्रानं माझ्यात कुठं लिहिलंच नाही. लोक बिचारे पहिल्याच हाकेला ओ देण्याचं बटण दाबत आणि मरत. तिसरी हाक शेवटी, घराच्या कवाडाशी होती. तिथवर नेत्राशिवाय कोणीच पोचलं नाही.

मग एकानं लिहिलं, "ती बाई एकदाची गप्प बसेल का?"

ते वाचून नेत्रा रडली. आईला भूत केलं आणि वर परक्यांच्या शिव्या खायला लावल्या, असं तिच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला पुसून टाकायला ती पडवीत बसली. पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून तिनं मला सुरू केलं. आवाज ऐकून अंगणात दोर वळत बसलेल्या नागूनं मान वर केली.

"ही आपल्या शेताच्या वईकडच्या बांबूची करकर न्हवं?"

तो येऊन शेजारी बसला. "चालायचं कसं ह्यात?" नेत्राला नाही म्हणता आलं नाही. त्याची जाड बोटं बटणांवर अडखळत होती, पण रानात तो चुकला नाही. राशीपाशी पोचताच म्हणाला, "डहाळी कशी मोडायची?"

आणि मागून हाक आली. "अवो, या की घराकडं."

नेत्रा लॅपटॉप मिटायला धावली. नागूनं तिचा हात धरला. ओ मात्र दिली नाही. दुसरी हाक आली तरी तो चालतच राहिला. तासाभरानं कवाड आलं. तिथं एक, दोन, आणि मग हसू फुटलेली ती तिसरी हाक आली.

"बाबा, आता ओ द्या," नेत्रा कशीबशी म्हणाली. "म्हणजे घरी पोचलात."

"आन् मग?"

"मग संपलं."

नागूनं बटणावरचं बोट काढून घेतलं.

इथं माझी सगळ्यात मोठी चूक उघडी पडली. नेत्रा मला तपासताना इथं लगेच बटण दाबायची. तिसऱ्या हाकेला कोणी ओच दिली नाही तर काय, हे तिनं ठरवलंच नव्हतं. म्हणून मी तीच हाक पुन्हा दिली. परत दिली. देतच राहिलो. दर वेळी शेवटी पुतळी हसायची.

"ऱ्हाऊ दे," नागू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "बोलवू दे तिला."

नेत्रानं मला पुसलं नाही. पुढं तिनं सुरुवातीला डहाळीचं आणि हाकेचं दोन ओळींत लिहून टाकलं, बॅटरीही सुधारली. पाय अजून जडच आहेत. ती शेवटची चूक मात्र तिनं मुद्दाम ठेवली. नागू रोज जेवण झालं की पडवीत बसतो, सगळी वाट चालतो आणि कवाडाशी थांबतो.

तुम्हीही कधी तिथवर पोचलात तर बटण लगेच दाबू नका. जरा ऐका. घरात जायला काय, एकदा ओ दिली की झालं.