डबडं पुढे

खेळात शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिलं जहाज फुकट मिळतं, आणि ते फुकट का मिळतं हे पहिल्याच फेरीत कळतं. अंतराळात व्यापार करायचा, लढाया मारायच्या, आणि हातात काय, तर ज्याच्या पोटात चार खोकी मावतील न मावतील असलं यंत्र. पुढे एक तोफ असते, पण तिने शत्रू मरत नाही, फार तर चिडतो. हे जहाज विकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही, आणि कितीदाही फुटलं तरी खेळ तस्संच दुसरं हातात ठेवतो. त्याला खेळाने काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. या घरात सगळे त्याला डबडं म्हणत.

आणि डबडं कोण चालवणार, हे या घरात कधी ठरवावंच लागलं नाही. वहिनी.

वहिनी ती दिराची. नवऱ्यासाठी नुसतीच 'अगं'. दिवसा ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर नीट टेकतो का ते मध्ये निळा कागद धरून बघायचं, आणि शेवटी चाकावर घासून कवळी अशी करायची की जिभेला कुठे खडा लागू नये. मग ती डॉक्टरांचं नाव छापलेल्या डबीत बसून निघून जायची. हिने केलेल्या दातांनी कितीतरी माणसं जेवत होती आणि त्यातलं एकही हिला ओळखत नव्हतं. याबद्दल तिची तक्रार नव्हती, कामच तसलं. पण हे माझं, असं म्हणून बोट दाखवावं असं तिच्याकडे काही नव्हतं, हेही तितकंच खरं.

नवरा, त्याचा धाकटा भाऊ आणि नवऱ्याचा एक मित्र, असं तिघांचं टोळकं होतं. मित्राला सगळे कॅप्टन म्हणत. दिवसा तो गाद्या विकायचा. तिघांकडे तोफांनी लगडलेली जहाजं. दर रविवारी दुपारी माल लादून निघायचे. वाटेत एका प्रदेशातून दुसऱ्यात नेणारी दारं लागतात, आणि दारापलीकडे लुटारू दबा धरून बसलेले असतात. त्यावर यांनी रीत काढली होती: डबडं पुढे. लुटारू डबड्यावर गोळी वाया घालवत नाहीत. त्यात लुटायला असतंच काय? वहिनीने एकटीने दारातून आत जायचं, बघायचं, आणि मोकळं असेल तर माइकवर म्हणायचं, "या." मग आमचे शूरवीर छाती काढून आत येणार. आजवर तिचं एकही 'या' चुकलं नव्हतं. म्हणून त्याची कुणाला किंमतही नव्हती. पाण्याचा नळ चालू असतो तोवर नळाचं कौतुक कोण करतं?

बाकीच्या संध्याकाळी मात्र ती एकटी निघायची. ज्या बारक्या ठाण्यांकडे हे तिघे ढुंकूनही बघत नसत तिथे औषधं न्यायची, बियाणं न्यायची, पिण्याचं पाणी न्यायची. सगळं त्या डबड्यातून, चार-चार खोकी. कुठल्या उल्केमागे कोण लपतं, कुठल्या चंद्राला वळसा घालायचा, हे तिने स्वतःच्या बुद्धीने शोधलं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण ते साचेपर्यंत बसतो कोण? ही बसली. वर्षभराने तिने स्वतःचं मालवाहू जहाज घेतलं. लांबट, पांढरंशुभ्र, पोट एवढं की कॅप्टनची दोन जहाजं आत झोपली असती. त्याच्या अंगावर तिने नाव घातलं: अक्कलदाढ.

"उशिरा आली म्हणून का, वहिनी?" दीर खो खो हसला होता.

तीही हसली होती. उशिराच आली होती खरी.

तर त्या रविवारी जेवणं उरकून, ओटा पुसून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. लॅपटॉप नवऱ्याचा जुना. डावीकडे वळायचं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नसे. खेळ उघडला. तिच्या तळावर डबडं उभं होतं. शेजारी, जिथे अक्कलदाढ असायची, तिथे नुसती फरशी.

तिला वाटलं, चित्र उमटायला वेळ लागतोय. तिने खेळ बंद करून पुन्हा उघडला. फरशीच.

"अरे, माझं जहाज कुठाय?" ती ओरडली.

बाहेरच्या खोलीत मोठ्या पडद्यासमोर नवरा आणि दीर मांडीला मांडी लावून बसले होते. नवरा तिथूनच म्हणाला, "हां, ते सांगायचं राहिलंच बघ. काल याचं जहाज फुटलं. आज आपली सगळ्यांत मोठी फेरी. तिघांनी होतं नव्हतं ते विकून, जहाजांचे विमेसुद्धा मोडून माल घेतलाय, तो मावायला पोट नको का? म्हणून तुझं याच्या नावावर केलं."

"केलं म्हणजे? माझ्या खात्यातून?"

"पासवर्ड मला माहीत आहे ना. मीच नाही का उघडून दिलं खातं?"

"आणि मला विचारायचं नाही?"

"त्यात विचारायचं काय? घरातच तर राहिलं. तुझं काय, त्याचं काय, माझं काय."

ही एक गंमतच असते. नवऱ्याच्या तोफा नवऱ्याच्याच असतात, त्या कधी घरातल्या होत नाहीत. घरातलं होतं ते नेमकं बायकोचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून दारात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, माझं जहाज परत करा."

दिराने पडद्यावरची नजरही काढली नाही. आयत्या बिळावर बसलेला नागोबा कधी बिळाच्या मालकिणीकडे बघतो का? "वहिनी, खेळ आहे हो. एवढं काय मनाला लावून घेता? आणि तुम्हाला डबडं आहेच की."

"चल चल, वेळ नको घालवू," नवरा म्हणाला. "कॅप्टन खोळंबलाय. तू पुढे हो."

तिथेच लॅपटॉप मिटून ती गच्चीवर जाऊन बसली असती, तर चार दिवसांचा अबोला झाला असता आणि विषय संपला असता. तिच्याही मनात तेच आलं होतं. पण अक्कलदाढ एकदा डोळ्यांनी बघावी असं तिला वाटलं. तिने माइक लावला आणि डबडं बाहेर काढलं.

तिघांची जहाजं पहिल्या दाराजवळ उभी होती. ती जवळ गेली आणि तिला आधी आपलं जहाज ओळखूच येईना. पांढरा रंग गेला होता. सगळं अंग काळं आणि लाल, नाव खरवडलेलं, आणि पुढच्या बाजूला दिराने हौसेने एक आ वासलेला जबडा रंगवला होता. नुसते सुळे. वर सुळे, खाली सुळे, दाढा एकही नाही, आणि वरचा जबडा खालच्यावर कुठेच टेकत नव्हता. असल्या दातांनी साधा भाताचा घास चावता आला नसता.

तिला रडू आलं नाही. राग एवढा होता की रडायला जागाच उरली नव्हती. वर्षभर खोकं खोकं वाहून जे उभं केलं ते एका दुपारी उचललं, आणि वर त्याच्यावर हे असलं तोंड काढून ठेवलं! तिचं अख्खं आयुष्य दात बसवण्यात गेलं होतं, तेवढंही यांच्या ध्यानात नव्हतं.

"भाऊजी," ती माइकवर शांतपणे म्हणाली, "ही फेरी झाली की परत कराल?"

"बघू हो वहिनी. आता रंगवलंय एवढं..."

"आणि तू? तू काय म्हणतोस?" हे नवऱ्याला.

"अगं, पुढे हो ना! दार बंद होईल."

ती पुढे झाली.

दारापलीकडे एक फुटका चंद्र लटकत होता. उजवीकडे काही नव्हतं. तिने डावीकडचं बटण दोनदा दाबलं. डबडं कुरकुरत वळलं आणि चंद्राच्या तुटक्या कडेमागे तिला निळसर उजेड दिसला. इंजिनं बंद करून बसलेल्या जहाजांच्या नळ्या थंड होईपर्यंत असा उजेड राहतो. एक, दोन... तीन. त्यांनी तिला पाहिलं, आणि नेहमीसारखंच डबडं म्हणून सोडून दिलं.

"काय गं? मोकळं आहे ना?" नवऱ्याचा आवाज एकदा कानात आला आणि एकदा बाहेरच्या खोलीतून.

मालक बदललेल्या जहाजाचा विमा लगेच सुरू होत नाही, हे तिला माहीत होतं. फुटलं की गेलं. तिच्या जिभेवर 'थांबा' आलं होतं. सवयीनेच आलं होतं. या एका शब्दाबाबत तिने कधी हलगर्जीपणा केला नव्हता. हातातली कवळी जशी ती खडा ठेवून कधी डबीत घालायची नाही, तसंच.

"या," ती म्हणाली.

ते आले. सगळ्यात पुढे काळा-लाल जबडा, मग कॅप्टन, मग नवरा. कुणी वेग कमी केला नाही, कुणी तोफा उघडल्या नाहीत. वहिनी 'या' म्हणाली होती ना! लुटारू चंद्रामागून निघाले आणि पहिला मारा थेट अक्कलदाढेच्या पोटात बसला. रंगाचा पोपडा उडाला, खालून पांढरं दिसलं. अगदी क्षणभर. मग ती दुभंगली आणि तिघांचा सगळा माल अंधारात विखुरला. आपल्याला बरं वाटेल असं वहिनीला वाटलं होतं. बरं वाटलं नाही. तरी तिने डोळे मिटले नाहीत. कॅप्टन जागीच फुटला. नवरा आधी पळाला, मग फुटला.

मग कानात कॅप्टनचा रडवेला आवाज आला. "वहिनी, ते... ते तुम्हाला दिसले नाहीत का हो?"

"दिसले की. तीन होते."

खुर्ची आपटल्याचा आवाज आला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला. गळ्यात हेडफोन, त्याची वायर जमिनीवर लोळत होती. मागे दीर, तोंड एवढंसं झालेलं.

"डोकं फिरलं का तुझं?" नवरा ओरडला. "दिसले आणि तरी या म्हणालीस? सगळं घालवलंस! आणि आमचं जाऊ दे, स्वतःचं तरी बघायचंस! वर्षभर राबलीस त्याच्यासाठी! अगं, तुझं जहाज होतं ते!"

"कुणाचं?" तिने विचारलं.

"तुझं!"

"मघाशी जेवून उठल्यावर एवढंच म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर मी थांबा म्हणाले असते."

दीर भिंतीकडे बघत राहिला.

तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, पासवर्ड बदलला आणि डबड्यात पाण्याची चार खोकी चढवली. ते दोघे अजून दारातच उभे होते. तिघांच्या तळांवर आता तिच्यासारखीच तीन डबडी आली होती, नवी कोरी, फुकटची.

"आता पुढे कोण जाणार?" दिराने हळूच विचारलं.

तिने माइक काढून टेबलावर ठेवला आणि एकटीच निघाली.