धवल्यातलं नाव

“नावं घेऊ नकोस, रंभा. बाकी काय पायजे ते गा,” गिटारची तार पिळत भूपेश म्हणाला.

रंभाने पाण्याची बाटली तोंडाशी नेली होती, ती तशीच धरून ठेवली. बेव्हर्ली पार्कातल्या त्या हॉलमध्ये एसी असा सोडला होता की बोलतानाच घसा बसावा. समोर खुर्च्या लागत होत्या आणि पहिल्या रांगेत सोफे. मधल्या सोफ्यावर कार्यक्रमाचा खर्च उचलणारा बिल्डर बसणार होता. राई गावात त्यांच्या ड्रमवाल्या पुंडलिकच्या शेतावर ज्याचा टॉवर उभा आहे, तोच. बड्या लोकांना शिव्या घालणाऱ्या पंक संगीताच्या वारशाची संध्याकाळ, आणि तिचा यजमान हा! हसावं की थुंकावं, तिला कळेना.

“मग मध्ये काय म्हणू? ला ला ला?”

“थँक्यू म्हण त्यांना. तुझं काय जातंय?”

तिचं काय जातंय हे भूपेशला कळत नव्हतं अशातला भाग नाही. जहाजावर नोकरीला असलेल्या त्याच्याच मामाने आणलेल्या कॅसेट्स तीस वर्षांपूर्वी राईतल्या ओट्यावर वाजल्या होत्या. क्लॅश, रामोन्स, ब्लॉन्डी, सगळे परदेशी पंक बँड. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांचा राग बरोबर कळला. धड वाजवता येत नसेल तरी छाती काढून वाजवावं, आणि बाईने गोडच गायलं पाहिजे असं काही नाही, हे रंभाला त्या ओट्यावर उमगलं. पुंडलिक हळदीच्या बेंजो पार्टीत ढोल बडवायचा, त्याला ड्रमवर बसवला. भूपेशने गिटार घेतली. बँडचं नाव ठेवलं खाजण, गावाबाहेरच्या खाऱ्या दलदलीवरून.

नावं घेण्याची युक्ती मात्र विलायती नव्हती, ती रंभाच्या आईची. आई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला धवले गायची, त्यात घरातल्या माणसांची नावं गुंफायची. ज्याचं नाव येईल त्याने हातातलं काम टाकून मांडवात पुढे यायचं. रंभाने तीच चाल उचलली, पार दामटून पळवली, आणि नावं घातली ती गावाला फूस लावून जमिनी विकायला लावणाऱ्यांची. गोडदेव गावातल्या एका हळदीत एक काका नाव ऐकून सवयीने उठले, हसत हसत पुढे आले, आणि आपल्याला कशासाठी बोलावलंय ते त्यांना मांडवाच्या मधोमध आल्यावर कळलं. त्या दिवशी खाजणला वाद्यं टाकून पळावं लागलं. रंभा आयुष्यात इतकी खूश पुन्हा कधी झाली नाही.

पुढे बँड मोडला. रंभाचं लग्न झालं, मुलगी झाली, लॅबमध्ये नोकरी लागली. आता रोज सकाळी ती घरोघरी जाऊन उपाशीपोटी ताटकळलेल्या म्हाताऱ्यांचं रक्त काढते. “जरा मूठ आवळा, अंकल,” एवढंच काय ते तिचं गाणं. भूपेश जमिनीच्या दलालीत शिरला आणि त्यात रुळला. रस्त्यासाठी बांधाकडची पट्टी जाईल असं सांगून त्याने पुंडलिकच्या बापाचा अंगठा घेतला, आणि गेलं अख्खं शेत. म्हाताऱ्याने हाय खाल्ली आणि वर्षाच्या आत गेला. रंभाने तेव्हापासून भूपेशचं तोंड पाहिलं नव्हतं.

आज पाहत होती ती आयोजक अभिनवमुळे. सगळा घाट त्यानेच घातला होता. कुठल्या बँडने न्यूयॉर्कच्या कुठल्या क्लबात सुरुवात केली, त्यातून पुढे न्यू वेव्ह कशी निघाली, सगळं त्याला तोंडपाठ. “ताई, तुम्ही त्याच घराण्यातल्या आहात,” असं तो पहिल्या भेटीत म्हणाला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. बिल्डरबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. अशा पोरावर रागावता येत नाही, आणि त्यामुळे तर रंभाचा आणखीच संताप होत होता.

ती पुंडलिककडे गेली. तो खाली वाकून ड्रमचे स्क्रू आवळत होता.

“यो नावं नको बोलतंय.”

“आयकलं मी.”

“तुझं काय म्हणणं?”

पुंडलिकने मान वर केली नाही. “बिल्डरचं नाव घेशील तं वायरी काढतील. हलदीला आता डीजे आणतात, रंभे. मना कोण बोलवत न्हाय. आज वाजवू दे मना.”

ज्याचं शेत गेलं तोच गप्प राहा म्हणतोय, तर आपण कोण? गप्प राहावं, तर तिच्या गाण्यात मग उरतं काय? तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि वर तिला स्टेजवर जाऊन हसायचं होतं.

आधीच्या बँडनी इंग्रजी गाणी वाजवली, चांगली वाजवली. मग खाजण उभं राहिलं. रंभाचा आवाज पहिल्याच ओळीला फाटला आणि तिने तो तसाच फाटू दिला. पुंडलिक अंगात आल्यासारखा बडवत होता. पोरं उड्या मारू लागली. बिल्डर सोफ्यावर फोन बघत होता. नावांची जागा जवळ आली तसा भूपेश तिच्याकडे हात जोडल्यागत बघू लागला.

तिने सोफ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“राईचा भूपेश,” ती किंचाळली, “दामूचा भूपेश, पुंडल्याच्या बापाचा अंगठा धरनारा भूपेश!”

त्या गोंगाटात बाकीचे शब्द कुणाला लागले नाहीत. लागलं ते फक्त नाव. बाई गिटारवाल्याची ओळख करून देतेय असं वाटून पोरांनी शिट्ट्या मारल्या, अभिनव “भूपेश सर!” म्हणून ओरडला. बिल्डरनेही फोन बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. भूपेशचा हात तारांवर थांबला. पण राईच्या मातीतला माणूस तो, नाव आल्यावर पाय राहतात थोडेच. तो दोन पावलं पुढे आला, आणि त्याच्या तोंडावर दिवे पडल्यावर हॉल आणखी गर्जला. पुंडलिकने ताल सोडला नाही. नुसता जड केला.

गाणं संपल्यावर पडद्यामागे भूपेश खुर्चीवर बसून राहिला. शहरी मराठी त्याच्या तोंडातून गेली होती.

“त्या बिल्डरचं नाव घेतलं असतंस तं मना चाललं असतं, रंभे.”

“त्यो कोण लागतो आपला? परक्याचं नाव धवल्यात घेत न्हाईत.”

इतकं बोलूनही तिचा राग तसूभर उतरला नव्हता. बाहेर तिच्या नावाने टाळ्या चालूच होत्या आणि त्या तिला नको होत्या. अभिनव तिघांना फोटोला बोलवायला आला, तेव्हा ती त्याला नको म्हणाली, पण हळू आवाजात.

पुंडलिकने सामान आवरलं. मोठा ड्रम उचलायला त्याच्याकडे दुसरं माणूस नव्हतं. भूपेश उठला, वाकला, आणि पूर्वी धरायचा तशी त्याने एक बाजू धरली.

“ठेव,” पुंडलिक म्हणाला. “मी नेतंय.”

त्याने ड्रम एकट्याने पाठीवर घेतला, जरा झोक गेला, मग सावरला. रंभाने झांजांचं स्टँड उचललं आणि ती त्याच्या मागे निघाली. दारातून तिने एकदा वळून पाहिलं. भूपेश अजून वाकलेलाच होता, दोन्ही हात पुढे धरून.