आण्णांचा सूर्यास्त

सूर्य कोणासाठी थांबत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. शाहूपुरीतल्या मगदूमांच्या घरी मात्र तो नेमिनाथ आण्णांना विचारून मावळायचा.

घर जैनांचं, त्यामुळे जेवण दिवस असतानाच. पण दिवस संपला की नाही, हे ठरवायचं काम आण्णा घड्याळावर सोडत नसत. वडिलांची रीत अशी, की गॅलरीत बसून तळहात बघायचा. रेषा दिसेनाशा झाल्या की ताट बंद.

यंदा चैत्रात सूर्याचं काहीतरी बिघडलं. जेवण साडेसहावरून सहावर आलं, वैशाखात पाचवर. दुपारचा चहा आणि रात्रीची भाकरी एकमेकांना वाटेत भेटू लागली. आण्णांच्या मते शेजारी उठलेली पाचमजली इमारत उजेड खात होती. बायकोनं, अरुणाबाईंनी, त्यांच्या जुन्या मधुमेहाचा विषय काढला. डॉक्टरांनी दरवर्षी डोळे तपासून घ्यायला सांगितलंय, याची आठवण दिली.

"जन्मात बटाटा खाल्ला न्हाय मी," आण्णा म्हणाले. "डोळ्याला काय हुतंय?"

चहा ते गुळाचा घेत. गूळ म्हणजे साखर नव्हे, अशी कोल्हापुरात श्रद्धा आहे.

एका संध्याकाळी सून ऐश्वर्या बँकेतून गॉगल लावून घरी आली, तर रात्र झाली म्हणून भांडी घासून पालथी घातलेली. ऐश्वर्या सकाळच्या डब्यावरच होती. तिनं आण्णांचा हात धरला आणि मोबाईलची बॅटरी लावून तळहातावर उजेड पाडला.

"आता दिसत्यात का रेषा, आण्णा?"

आण्णांनी हात जवळ नेला, लांब नेला.

"बॅटरी उतरलीया तुझी," ते म्हणाले. पण हात काही त्यांनी खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून डॉक्टरांनी डोळ्यांच्या आत पाहिलं. सूर्य ठणठणीत होता. मधुमेहानं आतल्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या गळत होत्या. हे दुखत नाही, म्हणून कळत नाही, डॉक्टर म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, लेसरही लागेल. साखर आटोक्यात ठेवलीत तर उरलेली नजर राखता येईल, आणि गूळही साखरच. आण्णांनी सगळं ऐकून एकच शंका काढली.

"भर दिवसा रात समजून उपाशी बसलो, त्याचं पुण्य मिळंल का न्हाय?"

डॉक्टर म्हणाले, ते आमच्याकडे तपासत नाहीत.

दिवाळीपर्यंत डाव्या डोळ्याला रेषा दिसू लागल्या. उजव्याला दिसत नाहीत, दिसणारही नाहीत. जेवण आता घड्याळाप्रमाणे होतं.